कोड उघडा केला, त्याबद्दल

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी छोटी छोटी टूल्स लिहून लोकांना द्यायला लागलो. पैसे घ्यायचे नाहीत हे पहिल्यापासून पक्कं होतं. तितकंच पक्कं आणखी एक होतं: कोड कुणाला द्यायचा नाही. ईएक्सई फाइल घ्या, पेन ड्राइव्हवरून शेजारच्याला द्या, वाटेल तितकी वापरा. पण आत काय लिहिलंय ते विचारू नका. ही बाजू मी बराच काळ मनापासून मांडली, मित्रांशी भांडून मांडली. आज माझ्या प्रत्येक टूलचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. मधल्या काळात माझं मत कसं बदललं ते लिहायचं आहे, कारण असंच काहीतरी लिहून वाटणारी मुलं मला भेटतात आणि त्यांतली बरीच जण माझी जुनी बाजू माझ्याच शब्दांत मांडतात.

ती बाजू पोकळ नव्हती. आमच्याकडे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकत मिळतात. मागच्या बॅचचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल, पहिलं पान बदलून पुन्हा बाइंडिंगला जातं, तोंडी परीक्षेत त्यावर मार्कही मिळतात. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला ‘कोड उघडा टाक’ म्हणून सांगितलं, तर त्याच्या मनात पहिल्यांदा तेच पुस्तक येणार. दुसरं असं, की दहा जणांनी दहा बदल केले आणि एखाद्याचं बिघडलं, तर फोन मलाच येणार, असं वाटायचं. फुकट देतोय ना, मग आणखी काय हवं, हा प्रश्न मला त्या वेळी अगदी रास्त वाटत होता.

माझं त्यातल्या त्यात उपयोगी पडलेलं टूल म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं. छापखान्याशी संबंध न आलेल्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. युनिकोड रुळण्याआधी छपाईतली मराठी संगणकावर आली ती फॉन्टच्या वाटेने. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी ही नावं डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, इतकंच. जागा सगळ्या मिळून २५६, त्यांतल्या काही आधीच अडलेल्या. म्हणून अक्षरं मोडून बसवावी लागली. अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग होतो. फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर नुसता रोमन कचरा उरतो. शिवाय कुठला तुकडा कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं.

त्या काळात या फॉन्टनी मराठीची मोठी सेवा केली, यात वाद नाही. पण त्यांतच दिवाळी अंक निघाले, संस्थांच्या स्मरणिका निघाल्या, गावोगावचे इतिहास छापले गेले, आणि त्या फाइली आजही पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यानंतर नवी नाही. म्हणजे मजकूर आहे, पण तो शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि ज्या संगणकावर तो उघडतो तो बंद पडला की संपलं.

रूपांतरासाठी दोन गोष्टी लागतात. एक तक्ता: कुठल्या जागेवर कुठला तुकडा. आणि मग क्रम लावणारा कोड. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवायची. ‘स्थिती’ या शब्दात ती वेलांटी उचलून नुसत्या ‘स्’च्या नव्हे, तर पूर्ण ‘स्थ’च्या पुढे न्यावी लागते. रफाराचं उलटं. ‘मार्ग’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये रफार सगळ्यांत शेवटी येतो, युनिकोडमध्ये मात्र तो ‘ग’च्या आधी ‘र्’ म्हणून जातो. ‘वर्षांत’सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो, तो फोडून दोन्ही आपापल्या ठिकाणी पोचवायचे. हे जमवताना मला फार आनंद झाला होता. आणि हेच माझं, म्हणून हेच झाकून ठेवायचं, असंही वाटलं होतं.

सांगलीतल्या एका छापखान्यात डीटीपी करणाऱ्या ताई हे टूल वापरत होत्या. एका ट्रेकिंग संस्थेच्या स्मरणिकेचं काम होतं. त्यांचा फोन आला.

“अरे, तुझ्या त्यात दऱ्यांचा दर्या होतोय. ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं आलंय बघ सगळीकडे.”

त्यांच्याकडचा फॉन्ट जुन्या आवृत्तीचा होता. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला आडव्या रेघेसारखा र त्यात वेगळ्याच जागी होता. मी म्हणालो, “ताई, परीक्षा चालू आहे. संपली की करून देतो.”

“तू नको करू रे. कुठे लिहायचं तेवढं सांग, मी लिहिते. कुठलं अक्षर कुठल्या नंबरावर आहे ते मला पाठ आहे.”

त्यांना लिहिण्यासारखं काहीच उघडं नव्हतं. तक्ता ईएक्सईच्या आत होता. मी तसं सांगितलं, त्या ‘बरं’ म्हणाल्या, आणि ती अख्खी स्मरणिका त्यांनी हाताने दुरुस्त केली.

परीक्षेनंतर मी छापखान्यात गेलो तेव्हा त्यांनी वही दाखवली. दोनशे पानी, उभ्या रेघा मारून रकाने पाडलेली. एका रकान्यात जोडाक्षर, शेजारी ऑल्ट दाबून टाइप करायचा शून्याने सुरू होणारा आकडा. ठळक फॉन्टमध्ये जिथे जागा बदलते तिथे लाल शाईने दुसरा आकडा. ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’, ‘ट्र’ यांच्यासाठी वेगळी पानं. वहीच्या मागच्या बाजूला मिरजेच्या एका छापखान्यातला फॉन्ट कुठे वेगळा पडतो त्याच्या नोंदी, कारण तिकडची कामंही कधी कधी त्यांच्याकडे यायची. शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा फरक आपण वाचतो आणि सोडून देतो. त्या फरकावर रोज काम करणारी ही बाई होती.

तिथेच माझ्या डोक्यातला हिशेब फिरला. क्रम लावणारा जो कोड मी जपत होतो तो चांगला होता, पण माझ्या वर्गातल्या चार-पाच जणांनी मनावर घेतलं तर त्यांनाही जमला असता. टूलची खरी किंमत तक्त्यात होती. आणि तक्ता माझा नव्हताच. तो मी ताईंसारख्यांना विचारून, त्यांनी छापून दिलेल्या कागदांवरून भरला होता. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच तो वाचता येत नव्हता, दुरुस्त करता येत नव्हता. ‘फुकट देतोय ना’ या माझ्या वाक्याला त्या वहीपुढे काही अर्थ उरला नाही.

तरी मी लगेच सगळं उघडलं नाही. आधी फक्त तक्ता बाहेर काढला: साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक नोंद. केरळमध्ये स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या गटाने ‘पय्यन्स’ नावाचं असंच टूल पूर्वीच केलेलं आहे, आणि त्यातही प्रत्येक फॉन्टची फाइल वेगळी असते. ते मी तेव्हा पाहिलं. ताईंनी आपली फाइल स्वतः नीट केली. मग मिरजेच्या फॉन्टची नवी फाइल तयार केली आणि मला कळवण्याआधीच तिकडे देऊनही टाकली. हे ऐकून मला राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही.

कोड उघडण्याचं कारण वेगळंच निघालं. एका वकिलांना जुने अर्ज आणि दावे युनिकोडमध्ये हवे होते. त्यांनी विचारलं, “हा मजकूर इंटरनेटवर कुठे जात नाही ना?” मी म्हणालो, नाही जात. ते म्हणाले, “ते तुम्ही सांगताय.” त्यांच्या संगणकावरचा अँटिव्हायरस माझ्या फाइलीवर आधीच शंका घेत होता, जशी तो अनोळखी विद्यार्थ्याने बनवलेल्या बऱ्याच फाइलींवर घेतो. माझ्या शब्दापलीकडे त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पक्षकारांचे कागद सांभाळणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर का विसंबावं? कोड उघडा असता तर ते स्वतः वाचू शकले नसते, पण त्यांच्या ओळखीचा कुणी जाणकार वाचू शकला असता. माझ्या मनातली शेवटची अडचण तिथे संपली.

परवाना निवडताना मी पहिल्यांदा ‘व्यावसायिक वापरास बंदी’ असं लिहिणार होतो. आपल्या फुकटच्या कामावर कुणी पैसे कमावू नयेत, ही भावना माझ्यात खोल होती. मग लिनक्सचा सुरुवातीचा इतिहास वाचनात आला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ०.०१ ही पहिली आवृत्ती दिली, तेव्हा त्याचीही अट होती की वाटताना पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे फ्लॉपीवर भरून देणाऱ्याने फ्लॉपीचे पैसेही घ्यायचे नाहीत. १९९२ मध्ये, ०.१२ या आवृत्तीच्या वेळी, त्याने ती अट काढली आणि जीपीएल घेतला. हे वाचल्यावर मी माझ्या अटीकडे पुन्हा पाहिलं. माझं टूल कोण वापरतं? पानामागे पैसे घेणारे डीटीपीवाले, छापखाने, टायपिंगची कामं घेणाऱ्या बायका. सगळे व्यावसायिक. त्या एका ओळीने मी नेमक्या त्यांनाच बाहेर काढलं असतं. ताईंनी या टूलवर जुनी पुस्तकं रूपांतरित करून पानामागे दर लावला तर तो त्यांच्या कष्टाचा पैसा आहे. जीपीएलची मागणी एवढीच, की बदललेलं टूल दुसऱ्याला दिलंत तर त्याचा कोडही याच अटींवर द्या. ती मला न्याय्य वाटते.

आणि कॉलेज संपतंच. उद्या नोकरी लागेल, शहर बदलेल, जुन्या कोडकडे बघायला वेळ असेलच असं नाही. व्हीएलसी प्लेअर जवळपास प्रत्येक घरातल्या संगणकावर असतो. त्याचं मूळ पॅरिसच्या एकोल सॉंत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ मधल्या प्रोजेक्टमध्ये आहे. २००१ साली तो जीपीएलखाली खुला झाला. सुरुवात करणारी मुलं पदव्या घेऊन गेली, काम इतरांनी पुढे नेलं. कोड बंद राहिला असता तर तोही कपाटातलं एक ब्लॅक बुक झाला असता.

ब्लॅक बुकवरून मनात बसलेल्या, नाव चोरीला जाण्याच्या भीतीबद्दल आता माझं मत उलट आहे. बंद ईएक्सईवर माझं नाव होतं, पण ते काम माझंच आहे हे सिद्ध करणारं काही नव्हतं. आता प्रत्येक बदल तारखेसकट नोंदलेला आहे आणि कुणालाही पाहता येतो. कुणी नाव पुसून आपलं म्हणून दाखवेलही, पण ते पकडणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

कोड उघडल्यावर मदतीला झुंबड उडाली, असं झालं नाही. बहुतेकांना अजूनही तयार फाइलच हवी असते आणि ती मी देतो. फोनही येतात. पण एका अनोळखी माणसाने पाठवलेला एक बदल सांगितलाच पाहिजे. माझं टूल ‘ॲड.’, ‘ॲसिड’ अशा शब्दांतला ॲ हा ‘अ’ आणि वरचा अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून लिहीत होतं. युनिकोडमध्ये त्याला २००८ पासून, ५.१ या आवृत्तीपासून, स्वतंत्र जागा आहे. त्याचप्रमाणे ‘दऱ्या’मधला र दोन पद्धतींनी साठवता येतो: एक ‘ऱ’ वापरून, दुसरी साध्या ‘र्’नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक लिहिला तर दुसरा सापडेलच असं नाही. त्याने दोन्ही ठिकाणी एकच पद्धत आणली. कोड बंद असता तर हे माझ्या लक्षात कधी आलं असतं, सांगता येत नाही.

कॉलेजात असताना टूल्स लिहून वाटणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कोड नुसता कुठेतरी टाकून देऊ नका, सोबत परवान्याची फाइल ठेवा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. तुम्ही परवानगी लिहून दिली नाहीत, तर समोर दिसणारा कोडही दुसऱ्याला बदलून वाटण्याचा हक्क मिळत नाही. जीपीएल घ्या, एमआयटी घ्या, तुम्हाला पटेल तो घ्या, पण पदवी घेऊन बाहेर पडण्याआधी घ्या. आणि ज्यांच्या वहीतून तुमचा तक्ता भरला गेला त्यांना विचारून त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा.