आधार देणाऱ्याचा आधार

रविवारची उपासना आटोपते. मंडळी एकमेकांची विचारपूस करीत आपापल्या घरी परततात. दाराशी उभे राहून प्रत्येकाला हसतमुखाने निरोप देणारा पाळक मात्र लगेच घरी जात नाही. कोणा आजाऱ्याच्या उशाशी त्याला बसायचे असते. कुठे भावाभावांचा तंटा मिटवायचा असतो, कुठे दुखवट्याच्या घरी धीराचे दोन शब्द बोलायचे असतात. रात्री-अपरात्री दार वाजले, तर तेही उघडायचे असते. इतरांच्या दुःखाची गाठोडी तो खांद्यावर घेतो. ती उतरवून ठेवायला जागा मात्र त्याला सापडत नाही. मग एके दिवशी प्रार्थनेचे शब्दच ओठांवर येईनासे होतात. सर्वांना धीर देणाऱ्याला अशा वेळी धीर कोणी द्यावा?

हा प्रश्न बायबलइतका जुना आहे. एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बआलाच्या शेकडो संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला. परंतु ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी देताच तो रानात पळाला. एका झुडुपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले आणि तेथेच तो झोपी गेला. देवदूत आला, त्याने कोणताही उपदेश केला नाही. त्याने एलीयाला हलकेच स्पर्श करून उठवले व जेवायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. एलीया जेवला व पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून जेवू घातले. देवाशी त्याचे बोलणे झाले ते त्यानंतर, होरेब पर्वतावर.

असाच खचून जाण्याचा प्रसंग एकोणिसाव्या शतकात लंडनमधील चार्ल्स स्पर्जन या पाळकावर आला. १८५४ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ते तेथील एका बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. त्यांचे प्रवचन ऐकण्यासाठी इतकी गर्दी लोटे, की प्रार्थनामंदिर अपुरे पडू लागले. म्हणून १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्स येथील भव्य संगीतगृहात उपासना ठेवण्यात आली. हजारो लोक आत बसले असताना कोणीतरी ‘आग! आग!’ असे खोटेच ओरडले. चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. घरी महिन्याभराची जुळी मुले होती. ते पार कोलमडले. मित्रांनी त्यांना शहराच्या गजबजाटापासून दूर, आपल्या घरी नेऊन ठेवले. दोन आठवड्यांनी ते पुन्हा उपदेशासाठी उभे राहिले. पण त्या रात्रीची जखम पुरती भरली नाही. खिन्नतेचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले.

त्यांनी ते लपवले नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले, की शरीराचे दुखणे, कामाचा अतिरेक आणि एकटेपणा यांनी भल्याभल्यांचे मन खचते. म्हणून विश्रांतीचा वेळ वाया गेला असे समजू नये.

१८७५ साली ही व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली. दीर्घ आजारामुळे घरातच असणाऱ्या त्यांच्या पत्नी सुझॅना यांनी ती वाचली आणि हे पुस्तक इंग्लंडमधील प्रत्येक पाळकाला मिळावे, असे बोलून दाखवले. त्यासाठी तू किती देशील, असे पतीने विचारताच त्यांनी साठवून ठेवलेली नाणी मोजली. ती बरोबर शंभर प्रतींपुरती भरली! त्यातून एक पुस्तकनिधी उभा राहिला. तुटपुंज्या मिळकतीत पुस्तक विकत घेणे ज्यांना अशक्य होते, अशा पाळकांच्या घरी पुस्तके जाऊ लागली; पुढे गरजूंना पैसे आणि कपडेही मिळू लागले. १९०३ साली सुझॅना निवर्तल्या, तोवर सुमारे दोन लाख पुस्तके वाटली गेली होती. स्वतः अंथरुणाला खिळलेली एक स्त्री हे काम करू शकली.

पाळकाला आधार देण्यासाठी फार मोठे सामर्थ्य लागते असे नाही. आठवड्यातील एक दिवस त्याचा स्वतःचा असू द्यावा. प्रवचनातील उणिवा काढण्याआधी त्याच्या घरातील चूल आणि मुलांची फी यांची चौकशी करावी. आजाऱ्यांच्या भेटीचे काम मंडळीतील चौघांनी वाटून घ्यावे. झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर विनासंकोच त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच्या दुखण्याला श्रद्धेची उणीव म्हणू नये. एलीयाची श्रद्धा काही कमी नव्हती. तो थकला होता, भुकेला होता.

एखाद्या रविवारी रात्री पाळकाच्या घराचे दार पुन्हा वाजावे. सवयीने त्याने लगबगीने उठावे, कोणाचे काय दुखते आहे असे मनाशी म्हणत कडी काढावी, आणि दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याने हातातील गरम डबा पुढे करीत एवढेच म्हणावे, “आज काही काम नाही, पाळकसाहेब. तुम्ही जेवलात का, ते पाहायला आलो.”