बंद हुकूम

कोपरखैरण्यात सिडकोच्या आमच्या बैठ्या घराच्या ओट्यावर रविवारी दुपारी मेंढीकोट रंगायचा. वडील माथाडी. आठवडाभर बाजारात गोणी वाहिलेली माणसं चटईवर पानं पिसत बसायची. मी वडिलांच्या मागे. बघायचं, बोलायचं नाही. बंद हुकमाचा डाव असला की एक जण आपल्या तेरा पानांतलं एक पालथं ठेवायचा. हुकूम कुठला, हे फक्त त्याला ठाऊक. मग उतारीचा रंग कुणाच्या तरी हातातून संपायचा, तो हुकूम उघडायला लावायचा आणि किलवरची दुर्री बदामाचा एक्का मारून न्यायची. माहिती कुणापाशी आहे आणि ती कधी उघडते, यावर खेळ तरतो. स्वतःचे खेळ रचताना आजही मी आधी तेवढंच ठरवतो.

पुढे सावंतवाडीची गंजिफा पाहिली. दशावतारी जोडात 120 गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. लोक चित्रांवर भाळतात, मी नियमांवर भाळलो. पाच रंगांत वजिराखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. शिवाय दिवसा खेळाल तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. बाहेरचा सूर्य डावात घेणारी इतकी देखणी युक्ती मला दुसरीकडे सापडलेली नाही.

माझ्या नव्या खेळात घाऊक बाजार आहे. पहाटेच्या फेरीत मोठं पान जिंकतं, दुपारी लहान, कारण न खपलेला भाजीपाला अंगावर पडतो. कोपरखैरण्याच्या सेक्टर 14 मधल्या निसर्ग उद्यानात निवृत्त काकांपुढे तो मांडला, तेव्हा एक जण म्हणाले, “अरे, भाव असा उघड बोलतात का? रुमाल टाक.” पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. आता माझ्या खोक्यात पानांसोबत एक रुमालही असतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा व्हिडिओ गेम 2020 साली आला, तेव्हा आपल्या पुराणकथा परदेशी पडद्यांवर पाहून ऊर भरून आला. तरीही मला वाटतं, कथा आणि चित्रं यांच्याइतकाच आपला ठेवा नियमांत आहे, आणि नियम खेळणाऱ्यांबरोबर जातात. गंजिफा आज भिंतीवर टांगायला घेतात. ती खेळता येणारे फार थोडे. तुमच्या घरी कुणाला जुना डाव येत असेल, तर त्यांच्यासमोर बसा, दोन डाव खेळा आणि नियम वहीत उतरवून ठेवा.