उळ्याचा कांदा

लहान मुलांस बागकाम शिकविणे ही फार सोपी गोष्ट आहे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. हाती बी द्यावे, वाफा दाखवावा, पाणी घालावयास सांगावे आणि कोंब वर आला की मुलांबरोबर आपणही आनंदित व्हावे. झाला पाठ पुरा! परंतु हा पाठ अर्धाच आहे, व उरलेला अर्धाच अधिक मोलाचा आहे, हे मला एका नऊ वर्षांच्या मुलाने शिकविले. तो प्रसंग माझ्या शहाणपणाची साक्ष देणारा नाही. तथापि या वार्षिकाच्या वाचकांत उद्याचे शिक्षक व आईबाप आहेत. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे सांगतो.

सटाण्यास आमच्या घरामागे लहानसे परस आहे. तेथे आळीतील आठ-दहा मुले संध्याकाळी जमत असतात. सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. कांदा, द्राक्षे व डाळिंबे यांवर येथील पुष्कळ घरांची चूल पेटते. त्यामुळे कांद्याचा बाजारभाव आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. परंतु गावात वाढलेल्या एखाद्या मुलास कांद्याचे बी कोठे धरते असे विचारले, तर तो कांदा चिरून आत शोधू लागतो. ही उणीव भरून निघावी, आणि माती, पाणी व बी ही आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे, उधळून टाकावयाची मिळकत नव्हे, हे त्यांच्या कोवळ्या मनावर ठसावे, असा माझा हेतू होता.

पाण्याचा पाठ आमच्या मुलखाने आयताच तयार करून ठेवला होता. मोसम, आराम व पांझरा या नद्यांवर बंधारे घालून शेते भिजविण्याची फड पद्धती तीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते. जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाटकरी ज्या क्रमाने पाणी देईल त्या क्रमाने ते घ्यावयाचे. पाणी कमी पडले, तर तूट एकट्याच्या माथी न बसता सर्वांमध्ये वाटली जाते. हीच रीत आम्ही परसात आणली. चार फड पाडले व दर आठवड्यास एका मुलास पाटकरी नेमले. नळाचे पाणी घ्यावयाचे नाही. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी घरोघरून आणून एका बादलीत साठवावयाचे, असा नियम केला. एकदा ऐन उन्हाळ्यात बादली अर्धीच भरली. त्या आठवड्याची पाटकरीण सात वर्षांची होती. तिने पेला घेऊन प्रत्येक रोपास मोजून पाणी दिले, व स्वतःच्या मिरचीची पाळी सर्वांच्या शेवटी ठेवली. काटकसरीवर मी तासभर बोललो असतो, तरी इतके साधले नसते.

मुलांनी मातीत हात घालून शिकावे, हा विचार काही माझा नव्हे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेस ‘बालकांची बाग’ या अर्थाचे नाव दिले. तेथे प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा व सर्वांचे सामाईक वाफेही असावेत, अशी त्यांची योजना होती. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, पाने, फुले व बिया यांनाच शिक्षणाची साधने बनविले. ही थोरांची उदाहरणे मला ठाऊक होती. तरीही एक चूक मी आरंभीच करून बसलो. ज्याच्या वाफ्यातील भाजी सर्वांच्या आधी ताटात पडेल त्यास बक्षीस, असे मी जाहीर केले. साहजिकच सर्वांनी मेथी पेरली.

फक्त एका मुलाने काहीच पेरले नाही. त्याच्या वडिलांची डाळिंबाची बाग होती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तेल्या रोगाने आमच्या कसमादे भागातील कितीतरी बागांचा घास घेतला, त्यांतच तीही गेली. मुळासकट उपटलेली झाडे बांधावर जळताना या मुलाने पाहिली होती. पुढे तो शिक्षणाकरिता आमच्या आळीत मामाकडे राहावयास आला. इतर मुले माती उकरीत असता तो भिंतीला टेकून उभा राही. दिवाळीनंतर मात्र गावाहून परतताना त्याने चार मोठे कांदे आणले. त्याच्या आजीने चाळीतून निवडून दिलेले ते कांदे त्याने आपल्या वाफ्याच्या कोपऱ्यात पुरले. मुले हसली. खावयाचा कांदा पुन्हा मातीत कशाला, असे त्यांना वाटले. मीही फारशी विचारपूस केली नाही.

कांद्याचा संसार दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी तो आपली सारी शिदोरी पोटात साठवितो. तोच कांदा पुन्हा लावला, म्हणजे त्यातून पोकळ दांडे उभे राहतात व त्यांच्या शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे गेंद येतात. यांस आमच्याकडे डोंगळे म्हणतात. मधमाश्या त्यांवर घोंघावतात, आणि उन्हाळा चढू लागला की त्यांत काळे बी तयार होते, तेच उळे. परंतु बी पिकेपर्यंत पात वाळून लोळू लागते, दांडे पिवळे पडतात, व वाफा अगदी ओसाड दिसू लागतो.

ईस्टरच्या सणास आमच्याकडे पाहुणे यावयाचे होते. आदल्या दिवशी मी परस झाडून स्वच्छ केले, व तो ‘ओसाड’ कोपराही विळ्याने साफ करून टाकला. सायंकाळी मुलगा आला. उकिरड्यावर पडलेले डोंगळे त्याने पाहिले. तो ओरडला नाही. खाली बसून एकेक गेंद हातात घेऊन चोळून पाहू लागला. आतील दाणे अजून कोवळे व पांढरे होते. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “गुरुजी, ते उळ्यासाठी ठेवेल होतं. आजीकडचं संपेल आहे.”

मी निरुत्तर झालो. त्याच्या घरी आता तेच चार कांदे त्या बियाण्याचे उरले होते. कांद्याचे बी फार काळ टिकत नाही. वर्षभरात त्याची उगवण पुष्कळ घटते. म्हणून ज्यास ते राखावयाचे आहे, त्याने दरसाल नवे धरलेच पाहिजे. बाग गमावलेल्या घरातील ते मूल पुढल्या वर्षाची तरतूद करीत होते, आणि ठेव जपण्याचे धडे देणारा मी, लवकर खाणाऱ्यास बक्षीस देऊन ती ठेव उकिरड्यावर टाकीत होतो!

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. परंतु वाल, घेवडे, भात इत्यादींचे गावरान बियाणे त्यांनी घरोघर हिंडून जमविले, जपले व वाटले. त्यांच्यासंबंधी मी वर्गात कौतुकाने बोललो होतो. माझ्याच परसात तेच काम चालले असता मला ते ओळखता आले नाही.

मी त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. मग आम्ही दोघांनी मिळून कोपरा धुंडाळला. भिंतीच्या आडोशास वाकलेला एक दांडा विळ्यातून वाचला होता. त्यास आम्ही काटकीचा आधार दिला. पुढे त्या एका गेंदातून चिमूटभर काळे उळे निघाले. ते कागदाच्या पुडीत घालून त्याने वर तारीख लिहिली. हिवाळ्याच्या आरंभी त्यातील अर्धे त्याने आजीकडे पाठविले, व उरलेले आम्ही परसात टाकले. आज ते रोप वीतभर झाले असून सर्व मुले पाळीपाळीने त्यास पाणी घालीत आहेत.

बक्षिसाचा नियम मी बदलला आहे. वर्षअखेर ज्याच्याजवळ पुढल्या पेरणीपुरते बी शिल्लक असेल, त्यास आता बक्षीस मिळते. विद्यार्थीमित्रांनो, आपल्या वाफ्यातील सर्वांत चांगला कांदा खावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तोच नेमका उळ्यासाठी राखावयाचा असतो, एवढे ध्यानात ठेवा. आणि कोणाचा वाफा वाळलेला दिसला, तर विळा उचलण्यापूर्वी त्यास एक प्रश्न अवश्य विचारा.