बॉनेटच्या पुढचं

निखिल,

परवा म्हणालास, "मामा, मोठी गाडी सेफ असते." असते की, आत बसणाऱ्यांना! बाहेरच्यांचं काय, ते लिहून कळवतोय. फोनवर तू लगेच मायलेजवर येतोस.

बसक्या नाकाच्या गाडीची धडक पायाला बसते, माणूस बॉनेटवर आडवा होतो. वेग बेताचा असेल तर हाडं मोडतात, जीव बहुधा वाचतो. तुला आवडलेल्या गाडीचं नाक म्हणजे उभी भिंत. ते मोठ्या माणसाच्या कमरेवर, छातीवर आदळतं, लहान पोराच्या थेट डोक्यावर. माणूस वर न जाता पुढे फेकला जातो, म्हणजे चाकांच्याच वाटेत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांना धडक बसल्याचे सुमारे १८ हजार अपघात तपासले. ४० इंचांहून उंच बॉनेटची धडक, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा ४५ टक्के अधिक जीवघेणी निघाली. आणि आपल्याकडे तर फुटपाथवर टपऱ्या, माणसं रस्त्यावर. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी गेले. दुचाकीवाले त्याच्या दुपटीहून जास्त.

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब बघितलेस? गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ते जाड केलेत. पुन्हा आतल्यांचीच सोय. वळताना त्या खांबाआड अख्खी ॲक्टिव्हा लपते, मागे बसलेल्या आजींसकट. वजनाचं तुझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याला मी काय सांगू? तुझ्या बाबांची अल्टो पाऊण टनाची, ही दोन टनांच्या घरातली. समोरासमोर आल्या तर हिशेब तूच मांड.

पॅरिसकरांनी २०२४ मध्ये मतदान करून बाहेरून येणाऱ्या अशा जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग केलं. आपल्याकडे दीड जागा अडवणाऱ्याला वॉचमन सलाम ठोकतो!

घ्यायचीच असेल तर घे, पण पुढे तो लोखंडी गार्ड बसवू नकोस. दुकानदार "सगळेच लावतात" म्हणेल. केंद्रानं २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक कर. गाडी बंद ठेवून घरातल्या छोट्या चिऊला बॉनेटला लागून उभी कर आणि स्टिअरिंगवर बसून बघ, तिचं डोकं दिसतं का. नाही दिसलं, तर दुसरी गाडी बघ.

तुझा,
मामा