मामूंच्या अंगणात वाचलेला विमा

जालन्याहून अंबड मागे टाकून वडीगोद्रीपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. ऊस, कापूस आणि मोसंबीच्या शिवारातून रस्ता अंतरवाली सराटीला पोहोचतो. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी इथे उपोषण झालं आणि गावाचं नाव राज्यभर गेलं. आमच्यासाठी मात्र हे पूर्वीपासून मामूंचं गाव.

यावेळी आम्ही गेलो, कारण मामू-मामी उमराहला निघणार होते. निघायला आठ दिवस होते. अंगणात चहा चालू असताना पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ म्हणाला, "विम्याची काळजी नको. माझ्या क्रेडिट कार्डावर एक कोटीचा प्रवास विमा फुकट आहे."

मामूंना मधुमेह आहे. मामींनी लगेच विचारलं, "बेटा, तिकडे यांची साखर वाढली आणि दवाखान्यात न्यावं लागलं, तर यातून खर्च मिळेल का?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग मोबाइलवर त्या कार्डाच्या अटी उघडल्या आणि आम्ही त्या मोठ्याने वाचल्या. एक कोटी ही रक्कम विमान अपघातात मृत्यू झाला तरच मिळणार होती, तीही कार्डधारकाच्या वारसांना. आईवडिलांचा त्यात समावेश नव्हता. तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असणं आवश्यक होतं. मामूंनी तर एजंटला रोख पैसे दिले होते. परदेशातल्या उपचारांसाठी वेगळी, छोटी रक्कम होती, पण आधीपासूनचे आजार वगळलेले. म्हणजे मामूंच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नव्हतं.

असा विमा बँक आपल्या सगळ्या कार्डधारकांसाठी एखाद्या विमा कंपनीकडून एकत्रित घेते. त्याच्या अटी बदलू शकतात. म्हणून जुन्या माहितीपत्रकावर न विसंबता चालू अटी बँकेकडून लेखी मागवाव्यात. सामान हरवलं तर विमानतळ सोडण्याआधीच विमान कंपनीकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. बोर्डिंग पास आणि बिलं जपून ठेवावीत. दावा कळवायची मुदत थोडी असते.

उमराहच्या व्हिसाबरोबर सौदी अरबचा विमा येतो, पण तो तातडीच्या प्रसंगांसाठी असतो. म्हणून मामूंसाठी स्वतंत्र प्रवास विमा घेतला आणि अर्जात मधुमेह स्पष्ट लिहिला. हप्ता थोडा जास्त पडला. आजार लपवला असता, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला गेला असता.

बोलता बोलता शेजारच्या खालांनी आपलं जनधनचं रुपे कार्ड आणून दाखवलं. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या या कार्डावर २ लाखांचा अपघात विमा असतो. पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. खालांचं कार्ड वर्षभर पेटीतच होतं! रेल्वेचं ई-तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा विमाही अनेक जण निवडत नाहीत. अपघाती मृत्यू झाल्यास त्यात १० लाखांची भरपाई आहे. तिथे वारसाचं नाव भरायला मात्र विसरू नये.

आणखी एक गोष्ट. फुकट विम्यासाठी क्रेडिट कार्ड घेतलं आणि बिल मुदतीत पूर्ण भरलं नाही, तर व्याज सुरू होतं. ते आपल्याला हिशोबातही परवडत नाही आणि दीनमध्येही.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. जालना जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

आम्ही निघालो तेव्हा मामींनी पॉलिसीची प्रत, मदतीचा फोन क्रमांक आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती मामूंच्या औषधांजवळ ठेवली. मामू हसून म्हणाले, "उंट बांधला, आता तवक्कुल अल्लाहवर."