काकांची रायफल

कोकणात आमचे घर आहे असे मी वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांना लगेच आंबे आणि समुद्र आठवतो. आमच्या गावाला समुद्र नाही आणि आंबेही बेताचेच. मला त्या घराची आठवण येते ती बंदुकीला पुसायच्या तेलाच्या वासाने. माजघरातल्या फडताळाचे दार उघडले की तो वास येई, आणि आम्हां मुलांना तिथून हाकलण्यात येई.

सावंतवाडीहून एस. टी. ने तासभर गेले की एका वळणावर आमचा फाटा लागतो. तिथून पायवाट, एक साकव आणि मग दोन्ही अंगांना भाताचे कुणगे. कुणग्यांच्या वर जांभ्याचा चढ, त्यावर काजू, आणि काजूच्या पाठीला जंगल. जंगल आणि शेत यांच्यामध्ये काय ते एक गडगा. माणसाला तो हद्द वाटतो, रानडुकराला तो पायरी वाटतो. भात पोटरीवर आले की डुकरांचा कळप रात्री खाली उतरतो. खातो थोडे, लोळवतो फार. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखलात आडवी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

म्हणून आमच्या भागात शेतीच्या संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळत आले. बहुतेकांकडे ठासणीची बंदूक असते. नळीत दारू घालायची, वर बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सगळा संसार मांडायचा. आमच्या आजोबांनी मात्र १९६८ साली रायफल घेतली, पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात झालेली. तिची नळी ३१५ बोअरची. इंग्रजांनी ३०३ बोअरची फौजी काडतुसे सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत असा बंदोबस्त केला होता, त्यातून हे वेगळे माप रूढ झाले. यंत्र फौजी, माप मुलकी! आजोबा रुबाबात म्हणत, "सोजिराची बहीण आसा ती."

आजोबांच्या काळी शिकारही होई. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. परवानगीवाचून डुक्कर मारणे गुन्हा ठरले आणि रायफलीचे काम उरले ते आवाज करण्याचे. ती काकांच्या हाती आली तेव्हा तिचे शिकारीचे दिवस संपले होते. तरी काकांनी तिची निगा एखाद्या वयोवृद्ध माणसासारखी राखली. पावसाळ्यात कोकणची हवा लोखंड खाते, म्हणून दर चार दिवसांनी नळीत तेलाची चिंधी फिरे. तिचा खटका काढून ते निराळ्या पेटीत ठेवीत आणि त्या पेटीची किल्ली जानव्याला. काडतुसे मोजकी मिळत. त्यांचा हिशोब एका वहीत असे: तारीख, जागा, बार काढला की नाही, नसल्यास का नाही.

या शेवटच्या रकान्याचे महत्त्व मला १९९६ च्या ऑक्टोबरात कळले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. काकांबरोबर माळ्यावर राखणीला बसलो होतो. विजेरी माझ्याकडे होती. मध्यरात्री खालच्या कुणग्यात खसखस झाली. मी झोत टाकला आणि भातात दोन डोळे हिरवट चमकले.

"काका, डुक्कर! काढा बार!"

काका कधी हवेत बार काढीत नसत. रायफलीची गोळी मैलभराच्याही पलीकडे जाते, ती कुणाच्या अंगणात उतरेल याचा नेम नाही. ते कुणग्यामागच्या मातीच्या दरडीत गोळी घालीत. त्या रात्रीही त्यांनी दरडीवर नेम धरला, आणि बोट चापावर न नेता तसेच थांबले. मी पुन्हा म्हटले, "काढा ना!"

"डुकराचे डोळे असे चमकनत नाय," ते हळूच म्हणाले. "गप बस. उजेड हलवू नको."

क्षणभराने दरडीच्या सावलीतून शेजारचा गडी उठून उभा राहिला. सुटलेले वासरू शोधत बिचारा अंधारातून आला होता आणि आमचा झोत पाहून भीतीने दरडीला चिकटून बसला होता. नेमका तिथेच, जिथे गोळी जायची.

काकांनी रायफल उतरवली. घरी येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी वहीत मी पाहिले: "बार नाही. माणूस होता." माझे नाव त्यांनी लिहिले नव्हते. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत गेलो. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाटावर रायफल, तिला झेंडूची माळ, पुढे आपट्याची पाने. पूजा झाल्यावर काका म्हणाले, "तू मराठीचो मास्तर ना? माका एक अर्ज लिवन दी."

परवान्याच्या नूतनीकरणाचा असेल, असे समजून मी कागद घेतला. अर्ज रायफल जमा करण्याचा होता. मुलगा डोंबिवलीला राहतो, त्याला परवाना आपल्या नावावर करून घ्यायचा नाही. मी म्हटले, "काका, आणखी थोडी वर्षं राहू द्या. घरातली वस्तू आहे."

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. "ह्या हातात ती असली तर डुकरापेक्षा माणसाक भय जास्त," ते म्हणाले.

मी आजवर पुष्कळ निबंध तपासले. पण त्या चार ओळींच्या अर्जाला मला तासभर लागला. 'कारण' या शब्दापुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी काकांनीच सांगितले, "लिही, हात कापता म्हणान. खोटा कित्याक?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यावर गेलो. पावती मिळाली. परतल्यावर काकांनी वही काढली आणि कापऱ्या अक्षरात लिहिले: "रायफल जमा. काडतुसे ११ जमा." खाली रेघ ओढली. खटक्याच्या पेटीची किल्ली आता कसलीच नव्हती; तरी ती त्यांनी जानव्याची काढली नाही.

रात्री जेवणे होत होती तोच गडग्याकडे धुसफूस ऐकू आली. काका सवयीने फडताळाकडे वळले आणि अर्ध्या वाटेत थांबले. काकूने काही न बोलता पत्र्याचा डबा आणि सोटा माझ्या हातात दिला. मी विजेरी घेऊन ओटीवर आलो आणि डबा बडवू लागलो. मागून काका म्हणाले, "आधी बघ, खंय कोण माणूस नाय मा?"