पुढच्याची टाच

वारीचा सिनेमा आमच्या गावात कुणी नुसती गोष्ट म्हणून बघत नाही. माणसं त्यात रस्ता शोधतात. पडद्यावर दिंडी दिसली रे दिसली की मागनं आवाज येतो, "ह्यो तरडगावचा वढा हाय बघ." दुसरा म्हणतो, "कशाचा तरडगाव, वाल्ह्याच्या अलीकडची चढण हाय ती." मग त्यांची जुंपते आणि तेवढ्यात नायिकेचं रडणं होऊन गेलेलं असतं. शिंगणापूरच्या डोंगराखालचं आमचं गाव. पाऊस कमी, माळ जास्त आणि घराआड एक माळकरी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तिच्यात आमची दिंडी असते. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि ती पावलापावलानं ठाऊक असलेली माणसं. अशांना सिनेमा दाखवायचा म्हणजे सोपं काम नव्हे.

आजीच्या पिढीनं प्रभातचा 'संत तुकाराम' तंबूत बघितलेला. सिनेमा 1936चा, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालेलं, पण आमच्याकडं तो गावोगावच्या जत्रांतून फिरत फिरत बऱ्याच वर्षांनी पोचला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की बाया हात जोडायच्या. आजी मात्र सांगायची ती जिजाईचं. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागं राहते. "तिचं काय चुकलं? पोरं कुणाच्या गळ्यात बांधून जायाची ती?" असं आजी विचारायची. आजी स्वतः सात वाऱ्या चालली होती. घरी लहान पोरं टाकून निघताना बाईच्या पोटात काय होतं ते तिला माहीत होतं, म्हणून तिला वैकुंठापेक्षा उंबरा जास्त दिसला असावा.

माझ्या वाट्याला आला तो 'पंढरीची वारी'. रमाकांत कवठेकरांचा, 1988चा. म्हसवडच्या जत्रेत तंबू टॉकीज आली होती, मी नऊ-दहा वर्षांचा असेन. खाली पोतं अंथरून आम्ही बसलो. जयश्री गडकर आणि बाळ धुरी पडद्यावर आले तशी बायांत कुजबुज सुरू झाली, कारण थोड्याच दिवसांपूर्वी टीव्हीवरच्या रामायणात हेच दोघं कौसल्या आणि दशरथ होते. "कौसल्या वारीला निघाली व्हय गं!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा तंबू हसला. त्या सिनेमात एक पोरगा वारीत सोबत चालतो, अडीनडीला धावून येतो आणि तो पोरगा म्हणजे विठ्ठलच. हे कळलं तेव्हा हसणारा तंबू गप झाला. आईनं पदर डोळ्याला लावला तो सिनेमा संपेस्तोवर काढला नाही.

पुढं दर आषाढीला तो सिनेमा टीव्हीवर लागायचा. वारी करून आलेली माणसंही तो बघायची, न गेलेलीही बघायची. मी बारा-तेरा वेळा तरी बघितला असेल. त्यातली गर्दी खरी, धूळ खरी, टाळ-मृदंग खरे. आई त्या गर्दीत ओळखीची तोंडं हुडकायची. गोष्टीतल्या माणसांपेक्षा मागनं चालणाऱ्यांकडं तिचं ध्यान जास्त.

मी स्वतः चाललो तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. चालणाऱ्याला वारी दिसत नाही. त्याला दिसते पुढच्याची टाच. भेगा पडलेली, कधी चपलेत, कधी अनवाणी, कधी फोडावर चिंधी बांधलेली. पुणं सोडलं की सासवडपर्यंतचा टप्पा सगळ्यांत लांबचा, त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. सिनेमावाल्यांचा हा घाट फार लाडका. पूर्वी ते समोरच्या डोंगरावर कॅमेरा लावायचे, आता ड्रोन उडवतात. वरनं बघितलं तर पांढरी नदी डोंगर चढत निघाल्यासारखी दिसते. देखणं दिसतं, नाही कोण म्हणतो? आईला मोबाइलवर तसलं चित्रण दाखवलं तर ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी माणसं व्हती व्हय आमच्या मागं?" बावीस वाऱ्या झाल्या होत्या तिच्या तोवर.

सिनेमात बाई वारीला निघते ती काहीतरी मागायला. मूल हवं असतं, नवऱ्याचं दुखणं बरं व्हायला हवं असतं. 2014चा 'लय भारी' आम्ही फलटणच्या थेटरात बघितला. त्यातली आई पांडुरंगाला नवस बोलते आणि पोटचा पोरगा त्याला देऊन टाकते. अजय-अतुलचं माउलीचं गाणं लागलं तशी पोरं खुर्च्यांवर चढली, मीही टाळ्या वाजवल्या. पण आमच्या दिंडीतल्या बायांना मी कैकदा विचारलं, तुम्ही कशाला येता? नवसाचं नाव क्वचित. एक म्हणाली, "अठरा दिस कुणी च्या मागत न्हाई." दुसरी म्हणाली, "सासू आल्ती, तिच्या मागनं मी." तिसरी नुसती हसली. वर्षातनं एकदा बाईला तिच्या नावानं हाक मारली जाते ती दिंडीत. घरात ती अमक्याची आई नाहीतर तमक्याची सून. हे कुठल्या सिनेमात मी अजून बघितलेलं नाही.

आणि बायांचं खरं चालणं सुरू होतं ते रात्री तीनला. पुरुष उठायच्या आत टँकरखाली अंघोळी उरकायच्या, अंधार आहे तोवर बाहेरचं आटपून घ्यायचं. आता फिरती शौचालयं असतात, पण आई चालायची तेव्हा अंधार हाच आडोसा. धुतलेलं लुगडं वाळवायला जागा नसते आणि वेळही नसतो. मग दोघी जणी एकेक टोक धरतात आणि चालता चालता वाऱ्यावर ते सुकवतात. तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम चालूच. सासवडपासून जेजुरीपर्यंत एखादं लुगडं असं खडखडीत वाळतं. मी सिनेमा काढला असता तर तेवढंच दाखवलं असतं.

आता पावसाचं. सिनेमात वारीला पाऊस लागला की माणसं भिजत नाचतात. खऱ्या वाटेवरही नाचतात, खोटं नाही. पण आमच्यासारख्या कोरडवाहू गावचा वारकरी पावसात भिजताना मनात एकच हिशेब करत असतो: ह्यो पाऊस आपल्याकडं पडला का? गावाकडनं कुणी भेटायला आलं की आधी रामराम आणि लगेच, "पाऊस हाय का?" वारी येते ती पेरणीच्या तोंडावर. कुणी पेरून आलेला असतो, कुणी भावावर सोपवून. हातात टाळ आणि डोळा आभाळाकडं.

मी आठवीत होतो त्या वर्षी पहिली पेरणी वाया गेली. बाजरी उगवून वर आली आणि करपली. मग आषाढ लागल्यावर एका रात्रीत पाऊस झाला. वाफसा दोन-तीन दिवसांचा, त्यात पेरलं तर पेरलं. पालखी त्या दिवशी नातेपुत्याला मुक्कामी येणार होती, आमच्या गावापासनं सगळ्यांत जवळचा मुक्काम. अण्णांनी मला सायकलीवर पुढं बसवलं आणि आम्ही नातेपुत्याला गेलो. दिंडीचा तंबू हुडकायलाच रात्र झाली. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. अण्णा उभ्यानंच म्हणाले, "बैल हायती, पाभर हाय. चाड्यावर मूठ धराय कुणी न्हाई." पाभर हाकणाऱ्याच्या मागं चालत चाड्यातनं बी सोडायला सराईत हात लागतो. दाट पडलं तर बी नासतं, पातळ पडलं तर रान रिकामं राहतं. गावातले सराईत हात त्या रात्री सगळे वारीत होते.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढच्या दिवशी पुरंदवड्याचं रिंगण होतं, वाटेवरचं पहिलं गोल रिंगण. माउलींचा अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. कुठलाही वारीचा सिनेमा रिंगणाशिवाय पुरा होत नाही. आई वर्षभर त्याची वाट बघायची. ती काही बोलली नाही. परातीतलं पीठ संपवलं, हात धुतले, वळकटी शेजारणीला सांभाळायला दिली आणि आमच्यासंगं निघाली. अर्धी वाट सायकल हातात धरून तिघंही चाललो.

दोन दिवस तिनं चाड्यावर मूठ धरली. पायाला फोड आलेले, त्यावर खोबरेल चोळून अनवाणी पाभरीमागं. पहिल्या दिवशी दुपारी बांधावर बसून पायातला काटा काढताना म्हणाली, "चालायचं काय चुकलं न्हाई बघ." तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवलं. वाखरीला जाऊन तिनं दिंडी गाठली.

दिंडीत तिच्या माघारी कुजबुज झालेली. एक बाई तोंडावर म्हणाली, वारी खंडली. आईनं सांगितलं ते असं, की विणेकरी बाबा विणा गळ्यात घेऊन उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पेरणी झाली का?" ती म्हणाली, झाली. "मग चल पुढं." एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

सिनेमात असतं तर विठ्ठल आला असता पेरायला. मुंडासं बांधून, बैलं हाकत. आमच्या संतांच्या गोष्टींत तो दळतो, कांडतो, पाणी भरतो, त्याला पेरायला काय अवघड? आणि गंमत अशी, की 'पंढरीची वारी'त तो पोरगा मदतीला धावला की आईच्या डोळ्याला दर वर्षी पाणी यायचं, त्या साली पेरून आल्यावरही आलं. मी मोठेपणी एकदा तिला खवचटपणे विचारलं, "तुझ्या वक्ताला कुठं गेल्ता हा?" ती म्हणाली, "त्याला चाड्यावर मूठ धराय येती का, मला काय म्हाईत?"

सिनेमाचं आणि वारीचं आणखी एका ठिकाणी वाकडं येतं, ते आवाजात. पडद्यावर टाळ कधी थांबतच नाहीत. वाटेवर रोज एक वेळ अशी येते की लाखभर माणसं एकदम गप होतात. मुक्कामावर पालखी पोचली, समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या, की चोपदार दंड उंच करतो. हजारो टाळ एका क्षणात बंद. पोरगं रडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. त्यात एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातो, काय झालं ते ऐकून घेतो, तेव्हा ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात: पिशवी, चष्मा, कधी म्हातारा माणूस. मला वारीतली ही वेळ रिंगणापेक्षा मोठी वाटते. गरिबाची तक्रार संपल्याशिवाय आरती सुरू होत नाही, हे एकदा तरी पडद्यावर बघायचं आहे. पण शांततेचं गाणं होत नाही, म्हणून कुणी घेत नसावं. 2011च्या 'गजर'मध्ये तर वारीवर माहितीपट करायला आलेला तरुणच गोष्टीत आणलाय. कॅमेरावाल्याला वारीत काय वाटतं ते निदान त्यात आहे, आणि ते मला बरं वाटलं.

आईला सगळ्यांत आवडला तो परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी', 2014चा. त्यात वाट जवळजवळ नाहीच. पंढरपुरातली गरीब पोरं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्या विकतात, आईचं विणायचं यंत्र सोडवायला. वारकऱ्याला पंढरपूर कसं दिसतं हे बाकीचे दाखवतात, पंढरपूरला वारकरी कसा दिसतो हे ह्यानं दाखवलं. आई म्हणाली, "मीबी बांगड्या घेतल्यात तिथं. घासाघीस करून." आणि थोडा वेळ गप बसली.

पंढरपुरात पोचलं की सिनेमा संपतो. गाभारा, विटेवरचे पाय, घंटा. आमच्यातले निम्मे लोक एकादशीला कळसच बघून मागं फिरायचे. रांग एवढी मोठी, की दर्शनाला उभं राहायचं म्हणजे आणखी दीड-दोन दिवस, आणि घरी भांगलण आलेली. कळसाला हात जोडायचे, चुरमुरे-बत्तासे घ्यायचे, मिळेल त्या ट्रकनं घर गाठायचं. मात्र माउलींच्या पादुका पौर्णिमेच्या काल्यानंतर चालतच परत निघतात, त्याच वाटेनं. ती परतवारी. येताना जिथं मुंगीला शिरायला जागा नसते, तिथनं जाताना मोजकी माणसं असतात, चाल दुप्पट, मुक्काम थोडे. मंडप नाहीत, फराळाची वाटप नाही, कॅमेरा तर नाहीच.

आईचा गुडघा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही बाजाराला नातेपुत्यात होतो आणि पालखी परत आली. रिमझिम चालू होती. दुकानदार फळीवर बसून होते, दोघं-तिघं उठले. आई लंगडत रस्त्यापर्यंत गेली. पालखी थांबली, तिनं पादुकांवर डोकं ठेवलं आणि ठेवूनच राहिली. मागनं कुणी ढकलत नव्हतं, कुणी चला चला म्हणत नव्हतं. बावीस वाऱ्यांत एवढा वेळ तिला कधी मिळाला नव्हता. उठून एका टाळकऱ्याला विचारलं, "तुमच्याकडं पाऊस हाय का?" तो म्हणाला, बरा हाय. पालखी फलटणच्या वाटेला लागली. आम्ही लोहाराकडं खुरपी शेवटायला टाकली होती ती घेतली आणि दुपारच्या एसटीनं घरी आलो.